सोलापूरच्या बाजारातून अख्खे अन्न ओळखावे कसे आणि ताटात आणावे कसे

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्या ज्वारीला शहरी ग्राहक गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडत होता, तिचे नाव चकचकीत पाकिटांवर मोठ्या अक्षरांत झळकू लागले. सोलापूर जिल्ह्यात ज्वारी काही नव्याने आलेली नाही. तरीही एखाद्या मोठ्या दुकानात शिरले, तर ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचे कुरकुरीत तुकडे आणि ज्वारीच्या शेवया दर्शनी फळीवर दिसतात आणि खुद्द ज्वारीचे पोते शोधावे लागते. यांपैकी कोणती वस्तू खरोखर धान्य आहे आणि कोणती धान्याचे केवळ नाव लावून बसली आहे, हे ओळखता आले की संतुलित आहाराचे निम्मे काम होते. उरलेले काम ताटात कशाचे प्रमाण किती असावे, हे ठरवण्याचे आहे.

ओळखण्यासाठी कोणतीही वस्तू हातात घेतल्यावर दोन प्रश्न विचारावेत. शेतातून निघाल्यापासून या वस्तूतून काय काढून टाकले आहे, हा पहिला प्रश्न. आणि तिच्यात बाहेरून काय घातले आहे, हा दुसरा. गहू दळून कणीक केली, तर दाण्याचे फक्त रूप बदलते. त्याच गव्हाचा मैदा केला, तर कोंडा आणि अंकुर हे दोन्ही भाग निघून जातात आणि त्यांच्याबरोबर तंतू (फायबर), लोह व ब गटातील जीवनसत्त्वांचा मोठा वाटा जातो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, कणकेतही जवळपास तितकेच असतात. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात मात्र ते ३ ग्रॅमच्याही आत येतात. प्रथिने मैद्यात फारशी कमी होत नाहीत, म्हणून पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा पाहून पदार्थ सत्त्वयुक्त आहे असे समजणे घाईचे ठरते.

ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्रियेच्या आधारे अन्नाचे चार गट पाडले आणि ही ‘नोव्हा’ नावाची वर्गवारी आता जगभर वापरली जाते. ती आपल्या स्वयंपाकघराला लावून पाहिली, तर ज्वारी, तिचे पीठ, मटकी, शेंगदाणे, मेथी, दूध आणि अंडी पहिल्या गटात बसतात. तेल, तूप, मीठ, साखर आणि गूळ हे दुसऱ्या गटातील, म्हणजे स्वयंपाकाला लागणारे पण स्वतंत्रपणे न खाल्ले जाणारे पदार्थ होत. कडक भाकरी, लसूण घालून कुटलेली शेंगा चटणी, लोणचे हे तिसऱ्या गटातले. चौथ्या गटात झटपट नूडल्स, शीतपेये, क्रीमची बिस्किटे आणि असे पदार्थ येतात, ज्यांच्या घटकांपैकी निम्मे आपल्या मांडणीवरच्या कोणत्याही डब्यात सापडत नाहीत. या वर्गवारीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ती प्रक्रियेचा प्रकार सांगते, प्रमाण सांगत नाही; घरी तळलेली जिलेबी चौथ्या गटात मोडत नाही, म्हणून ती रोज खाण्याजोगी होत नाही.

प्रक्रिया या शब्दाचाच धसका घेण्याचे कारण नाही. दळणे, कांडणे, भाजणे, वाळवणे, विरजण लावणे आणि मोड आणणे याही प्रक्रियाच आहेत, आणि त्यांतील कित्येकींमुळे अन्न अधिक पचनसुलभ होते. पिशवीतले पाश्चरीकृत दूध काही लोक ‘कृत्रिम’ म्हणून नाकारतात, त्याला आधार नाही. टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश ठेवलेला असतो आणि साखर किंवा स्वाद घातलेला नसतो. ते विरजून घरी दही लावले, तर फळांच्या स्वादाच्या गोड दह्याच्या डबीपेक्षा ते केव्हाही सरस ठरते.

ज्वारी: पोत्यापासून परातीपर्यंत

सोलापूरकराच्या ताटाचा पाया ज्वारी असल्यामुळे तिच्या निवडीला अधिक वेळ देणे योग्य आहे. आपल्याकडची चांगली ज्वारी रब्बीची असते. काळ्या रानात, परतीच्या पावसाच्या ओलीवर ती वाढते आणि दाणा भरून पक्व होतो तेव्हा बहुधा आभाळ कोरडे असते. त्यामुळे दाणा पांढरा, टपोरा आणि मोत्यासारखी झाक असलेला निघतो. खरिपाची संकरित ज्वारी ऐन काढणीच्या सुमारास पावसात सापडते, दाण्यावर बुरशी चढते आणि तो काळपट किंवा गुलाबीसर पडतो. बाजारात दोन्ही येतात, कधी मिसळूनही येतात. मालदांडी हा इथला जुना, विश्वासाचा वाण. त्यातून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही मोहोळच्या कृषी संशोधन केंद्राची देणगी आहे, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे दिलेले फुले वसुधा, फुले रेवती यांसारखे वाणही भाकरीला चांगले आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘मंगळवेढा’ एवढे नाव सांगून चढा भाव मागितला जात असेल, तर मानांकनाची खूण असलेले पाकीट मागावे, किंवा मंगळवेढ्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घ्यावे.

पोत्यापुढे उभे राहिल्यावर वरचा थर बाजूला सारून हात खोलवर घालावा आणि मूठभर दाणे तळहातावर पसरावेत. दाण्याच्या टोकाशी असलेला लहानसा काळा ठिपका नैसर्गिक असतो, त्याने बिचकू नये; परंतु दाण्याच्या अंगावर काळी किंवा गुलाबी छटा पसरलेली दिसली, तर ती बुरशीची समजावी. एक-दोन दाणे दाढेखाली धरावेत: वाळलेला दाणा ‘कट्’ आवाज करून फुटतो, ओल राहिलेला दाणा दबतो. ओल राहिलेले धान्य स्वस्त मिळाले तरी वर्षाच्या साठवणीला घेऊ नये, कारण डब्यात ते तापते, त्याला कोंदट वास येतो आणि सोंडे होतात. हाताला पिठासारखी भुकटी लागणे आणि दाण्याला बारीक भोक असणे, या दोन्ही खुणा किडीच्या आहेत. भुकटी थोडी दिसली तरी आत कीड पुष्कळ असू शकते. केवळ पांढरेपणावर मात्र भाळू नये. यंत्रावर घासून चकाकी आणलेला दाणा चवीला मालदांडीच्या जवळपास येईलच, असे नाही.

रब्बीची काढणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते, त्यामुळे वर्षाची ज्वारी घेणाऱ्या घराने उन्हाळ्याच्या तोंडाशी खरेदी करावी. तेव्हा माल ताजा असतो आणि वाळवायला सोलापूरचे ऊन आयते मिळते. दोन-तीन कडक उन्हे देऊन, धान्य पूर्ण निवल्यावरच कोठीत भरावे. गरम धान्य झाकले तर आतल्या आत घाम धरते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची रीत आजही उपयोगाची आहे. मात्र पाला ओला नसावा.

दळण थोडे आणि वरचेवर आणावे. ज्वारीच्या दाण्यात अंकुर शाबूत असतो आणि अंकुरात तेल असते, म्हणून पीठ पडून राहिले की ते खवट होऊ लागते, कडवट लागते आणि त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडा चिरतात आणि गरम पाणी कितीही घातले तरी गोळा एकजीव होत नाही. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांचे, हिवाळ्यात पंधरवड्याचे दळण पुरे. गिरणीतून आणलेले पीठ निवल्याशिवाय डब्यात भरू नये. चाळणी वापरायची ती काडी-कचरा आणि किडा वेगळा करण्यासाठी. बारीक चाळणीने कोंडा काढून टाकला, तर ज्या कारणासाठी ज्वारी घेतली तेच केरात गेले. ज्यांना ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, चालत नाही, अशा सीलिअॅक रुग्णांसाठी एक वेगळी सूचना आहे: ज्वारीत ग्लुटेन नसते, पण गिरणीच्या जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचे पीठ उरलेले असते, म्हणून त्यांचे दळण घरच्या गिरणीवर किंवा केवळ ज्वारी-बाजरी दळणाऱ्या गिरणीतच करून घ्यावे.

कडक भाकरी ही प्रवासाची आणि नोकरदार घराची सोय आहे, आणि ती टाकाऊ मुळीच नाही. पाकीट उलटून पाहावे. ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ, मीठ आणि फार तर तीळ एवढेच घटक असतील तर ती निःशंक घ्यावी. यादीत मैदा, तेल किंवा स्वाद वाढवणारे पदार्थ दिसले, तर ती भाकरी नव्हे, भाकरीच्या आकाराचे बिस्किट होय.

कडधान्ये, डाळी आणि शेंगा

ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते; उलट कडधान्यांत कमी पडणारे मेथिओनिन धान्यांकडून मिळते. भाकरीबरोबर आमटी किंवा उसळ खाण्याच्या रिवाजाला असा पक्का आधार आहे. तरीही दर आठवड्याला त्याच तूरडाळीवर भागवणे ही आपली खरी उणीव आहे, असे मला वाटते. हुलगा, म्हणजे कुळीथ, या बाबतीत फार उपेक्षित राहिला. त्यात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि बऱ्यापैकी लोह असते, कमी पाण्यावर येतो, आणि माडगे किंवा शेंगोळे करायला फार कष्टही पडत नाहीत. करमाळा-माढा भागात प्रसिद्ध असलेली बाजार आमटी चार-पाच डाळी एकत्र करून होते. तिच्यावरचा तेलाचा तवंग आवरता घेतला, तर रोजच्या जेवणातही ती बसते.

अख्खे कडधान्य घेताना दाणे एका आकाराचे आहेत का आणि त्यांना भुंग्याची भोके पडली आहेत का, एवढे पाहणे बहुतेक वेळा पुरते. जुना माल शिजायला वेळ घेतो आणि त्यात भिजवूनही टणक राहणारे कुचर दाणे जास्त निघतात, म्हणून नव्या दुकानातून आधी पावशेरच घेऊन भिजवून पाहावे. डाळीच्या बाबतीत अवाजवी चकाकी दिसली तर पॉलिश केल्याचा संशय घ्यावा. बिनपॉलिशची डाळ थोडी मंद आणि पिठूळ दिसते. साल काढलेली डाळ काही निषिद्ध नाही, केवळ तिच्यातले तंतू घटलेले असतात. म्हणून आठवड्यातून काही दिवस सालीची मूगडाळ, अख्खी मसूर किंवा मोडाची मटकी आणावी. भिजवल्याने आणि मोड आणल्याने कडधान्यातील फायटेट, म्हणजे खनिजे अडवून धरणारा घटक, कमी होते आणि लोह, जस्त अधिक शोषले जाते. त्यावर लिंबू पिळले तर लोहाचे शोषण आणखी सुधारते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर ते घटते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, हा सल्ला सोलापुरात कितपत पाळला जाईल, ही गोष्ट वेगळी.

शेंगा, म्हणजे भुईमुगाचे दाणे, हे आपले वैभव आहे आणि जोखीमही तिथेच आहे. ओल लागलेल्या दाण्यांवर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती अॅफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक विष तयार करते. भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून दाणे घरी ताटात पसरून निवडावेत आणि सुरकुतलेले, काळवंडलेले, हिरवट-करड्या बुरशीचे किंवा फुटून पिवळे पडलेले दाणे काढून टाकावेत. भाजताना जिभेवर कडू दाणा आला तर तो गिळू नये, थुंकून चूळ भरावी. याच कारणामुळे तयार कूट विकत घेणे टाळावे, कारण कुटलेल्यात कोणता दाणा होता ते कळण्याचा मार्ग राहत नाही. शेंगा चटणी विकत घ्यायचीच असेल, तर जिथे माल हातोहात खपतो अशा ठिकाणाहून थोडी घ्यावी. दाणे, तिखट, लसूण, जिरे, मीठ याखेरीज तिला काही लागत नाही; उखळात कुटताना दाण्याचेच तेल सुटते, वरून तेल घालावे लागत नाही. खवट वास आलेली चटणी भाजीत घालून खपवू नये.

भाजी आणि फळे

पालेभाजीच्या पेंडीला भोके पडलेली पाने असली की ती औषध न मारलेली, असा एक गोड गैरसमज आहे. कीड लागल्यावरही फवारणी होते, त्यामुळे भोकावरून काहीच सिद्ध होत नाही. पेंडी उचलून तिचा देठाकडचा बांध पाहावा: आतली पाने चिकट किंवा काळी झाली असतील, तर वरून कितीही पाणी शिंपडून टवटवी आणलेली असो, ती संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. लक्ष्मी मंडईत सकाळी लवकर गेले तर निवड चांगली मिळते, उशिरा गेले तर भाव. घरी आणल्यावर पाने निवडून दोन-तीन वेळा वाहत्या पाण्यात धुवावीत आणि धुतल्यानंतरच चिरावीत.

सोलापूरच्या थंडीत हरभऱ्याचा पाला, करडईची भाजी, चाकवत, मेथी, शेपू आणि ओल्या शेंगांची जी रेलचेल असते, तिचा पुरता फायदा घ्यावा. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात जी भज्जी होते, तिच्यात वाल, तूर, हरभरा यांचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात एकत्र शिजतात आणि बरोबर ज्वारीच्या पिठाची आंबील असते. आहारतज्ज्ञाने आखून दिलेला बेत याहून फारसा वेगळा नसता. एका सणापुरते न ठेवता तो बेत थंडीभर दर आठवड्याला करता येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा पालेभाजी महाग होते आणि लवकर कोमेजते, अशा वेळी दुधी, दोडका, काकडी, गवार यांच्यावर भर द्यावा आणि शीतपेयाच्या बाटलीऐवजी ताक किंवा आंबील ठेवावी.

डाळिंबाच्या निवडीचे तंत्र मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे. सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावला, शहराच्या वेशीवर आहे. इथे सर्वत्र दिसणारा भगवा वाण केशरी-तांबड्या, चकाकणाऱ्या जाड सालीचा आणि मऊ बियांचा असतो. दोन सारख्या आकाराची फळे दोन हातांत धरावीत आणि जड लागेल ते घ्यावे. पूर्ण गोल फळापेक्षा ज्याच्या बाजू किंचित चपट्या, कोनदार झाल्या आहेत ते फळ भरलेले असते, कारण आतले दाणे फुगून सालीला रेटतात. बोटाने टिचकी मारली असता भरलेल्या फळाचा आवाज खणखणीत येतो. मुकुटाशी ओल किंवा बुरशी दिसली, तर फळ आतून कुजायला लागले असण्याचा संभव असतो. तेल्या रोगाचे काळपट तेलकट डाग असलेली फळे स्वस्त विकली जातात. हा रोग झाडाचा आहे, माणसाला होत नाही. डाग सालीपुरता असेल आणि तडा गेलेला नसेल, तर दाणे बहुधा चांगले निघतात. तडा गेलेले फळ मात्र घेऊ नये. दाणे चावून खावेत. गाळलेल्या रसात तंतू चोथ्याबरोबर जातात आणि गाड्यावरच्या पेल्यात वरून साखर पडते.

सीताफळ, बोर, पेरू, केळी यांना कोणत्याही परदेशी फळाइतकाच मान द्यावा. करमाळ्याची केळी परदेशी जातात आणि आपण मेणाचा थर दिलेले सफरचंद घेऊन येतो, ही निवड किंमत पाहिली तरी पटणारी नाही. पंढरपूर भागातला बेदाणा घेताना एकसारखा झगझगीत सोनेरी रंग हा बहुधा गंधकाच्या धुरीचा असतो, हे जाणून घ्यावे. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी तपकिरी बेदाणा घ्यावा आणि कोणताही बेदाणा धुऊनच खावा.

पाकीट वाचायची रीत

पाकिटावरची पुढची बाजू जाहिरातीसाठी असते, कायद्याची बाजू मागे असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे पहिले नाव ज्याचे, तो पदार्थ सर्वांत जास्त. ज्वारीच्या बिस्किटांवर पहिले नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदा आहे, दुसरे साखरेचे आणि तिसरे पाम तेलाचे असेल तर ज्वारी चौथ्या स्थानावर गेली. ज्या घटकाचे नाव पुढे ठळक छापले आहे, त्याची टक्केवारी सांगणेही बंधनकारक आहे. ती यादीतच असते, ती शोधावी. तपकिरी पाव दिसला की तो गव्हाच्या कणकेचा, असे मानू नये, कारण कॅरामल रंगाने मैद्याचा पावही तपकिरी करता येतो. साखर अनेक नावांनी येते: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही त्यांतली नेहमीची. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसे गोड नसले, तरी रक्तात ते साखरेसारखेच लवकर उतरते.

पोषणाचा तक्ता वाचताना ‘दर १०० ग्रॅम’ हा रकाना पाहावा, कारण ‘दर सर्व्हिंग’चा आकडा वाटेल तेवढी लहान वाटणी धरून गोजिरवाणा करता येतो. सोडिअमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. शंभर ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडिअम लिहिले असेल, तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. गूळ साखरेपेक्षा वेगळा पदार्थ असल्याचे सांगून जी पाकिटे ‘साखरविरहित’ म्हणून विकली जातात, त्यांना फसू नये. उसाच्या या जिल्ह्यात गुळाचे कौतुक असणे स्वाभाविक आहे, पण गूळ बहुतांशी साखरच आहे, त्यातले खनिज नगण्य. आणि फार फिकट पिवळा गूळ रसायनाने उजळलेला असू शकतो, म्हणून घ्यायचा तर गडद रंगाचा घ्यावा आणि बेताने खावा.

ताटात किती आणि काय

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी एक नमुना दिला आहे. त्यात तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण आहे. धान्य आणि डाळीचे वजन कच्चे धरायचे असते.

हे आकडे सोलापुरी ताटावर ठेवून पाहिले तर तफावत कुठे आहे, ते लगेच दिसते. एका भाकरीला घरच्या तव्याप्रमाणे ६० ते ९० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे दिवसभराचा भात, पोहे आणि भाकरी मिळून तीन-चार भाकऱ्यांइतकेच धान्य पुरे. सकाळी सुशीला (भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे) किंवा पोहे, दुपारी भाकरी आणि भात, रात्री पुन्हा भाकरी असे झाले की धान्याची मर्यादा सहज ओलांडली जाते. डाळीचे उलटे होते. पातळ आमटीच्या वाटीत जेमतेम २०-२५ ग्रॅम डाळ येते, त्यामुळे दोन वेळच्या आमटीवर ८५ ग्रॅम भरत नाहीत. एका वेळेला घट्ट वरण किंवा वाटीभर उसळ हवी. मांसाहारी घरात अंडी, मासे किंवा कोंबडी यांनी हा भाग भरून निघतो. शाकाहारी घरात दूध-दही टाळू नये, कारण ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शेंगांचे ३५ ग्रॅम म्हणजे मूठभर दाणे, आणि चटणी, आमटीतले कूट, भाजीतले कूट मिळून ते बहुतेक घरांत आपोआप होतात. सर्वांत मोठी तूट भाजीची आहे. ४०० ग्रॅम भरायचे असेल तर भाजी तोंडी लावण्यापुरती न वाढता वाटी भरून वाढावी लागते, आणि कच्चा कांदा, काकडी, गाजर, मुळा यांपैकी काहीतरी जोडीला लागते. ही भर घालताना एक भाकरी कमी करावी, नाहीतर संतुलनाऐवजी केवळ पोट जड होते.

तेलाचा हिशेब महिन्याच्या किराण्यावर करणे सोपे पडते. माणशी २७ ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो तेल-तूप पुरते. तूपही त्यातच आले. घाण्याचे करडई किंवा शेंगदाणा तेल चवीला उत्तम आणि आपल्या मातीतले आहे, परंतु घाण्याचे असले तरी ते बीमधून वेगळे काढलेले तेलच आहे, त्याच्या उष्मांकात काही फरक पडत नाही. घाण्यावरून आणताना थोडे आणावे आणि अंधारात ठेवावे.

मधुमेह असलेल्यांनी ज्वारीची भाकरी अमर्याद खाऊ नये. तंतूंमुळे साखर सावकाश चढते, पण पिष्ट पिष्टच राहते आणि भाकरीची संख्या मोजावीच लागते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर डाळी, डाळिंब, केळी, पालेभाज्या आणि दाणे यांचे प्रमाण वर दिलेल्या नमुन्यावरून न ठरवता आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, कारण प्रथिने आणि पोटॅशिअम यांची मर्यादा त्यांच्यासाठी रक्ततपासणीनुसार बदलते.